ब्रेकमास्तर गप्प बसले तो दिवस

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी. हा दुसरा ब्रेक अडचणीच्या वेळी वापरायचा असतो. मास्तरांच्या मते त्यांच्या शेजारी चाक धरून बसणारा माणूस हीच मुळात अडचण होती, त्यामुळे ते तो रस्ताभर वापरत. गाडी उभी असली तरी त्यांचा उजवा पाय ब्रेकवर असे. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत आणि तोंडावर सर म्हणत.

मास्तरांची शिकवण्याची पद्धत अगदी सरळ होती. आधी ओरडायचं, मग ब्रेक दाबायचा आणि मग तो का दाबला हे पुन्हा ओरडून सांगायचं. "मान हलवू नका, समजलं का ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरचा घाबरून आणखी जोरात मान हलवी. लायसन्सच्या चाचणीच्या दिवशी गाडी घेऊन स्कूलचे मालक स्वतः जात, कारण मास्तर नुसते आवारात दिसले तरी उमेदवारांचे हात थरथरायला लागत. मास्तरांना मात्र हा आपल्या दराऱ्याचा गौरव वाटे.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाबून धरणाऱ्या त्या उजव्या पायाने शेवटी असहकार पुकारला. कंबरेत नस दबली आणि नितंबापासून तळव्यापर्यंत आग सुरू झाली. चप्पल घातली तरी चटका, चादर लागली तरी चटका. मास्तरांनी काही दिवस तेल चोळलं, मग तेल विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली आणि अखेर बायकोने हात धरून डॉक्टरकडे नेलं तेव्हा उपकार केल्यासारखे गेले.

डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढी होती. तिने पाय तपासला, गॅबापेंटिन नावाची कॅप्सूल लिहून दिली आणि खुर्ची पुढे ओढून सांगायला सुरुवात केली.

"काका, ही साधी दुखण्याची गोळी नाही. नसांवर काम करते. रात्री झोपताना एकच घ्यायची. लगेच आराम पडणार नाही. डोस मी वाढवीन, हळूहळू. तुम्ही आपल्या मनाने वाढवायचा नाही. हिच्याने गुंगी येते, चक्कर येते. त्यामुळे अंगाला कशी मानवते ते कळेपर्यंत गाडी चालवायची नाही."

मास्तरांनी मान हलवली.

"शिकवायचीही नाही. तेही चालवणंच झालं. आणि हिच्याबरोबर झोप आणणारं दुसरं काही नको. दारू नको, झोपेची गोळी नको, सर्दी-खोकल्याची औषधंही मला विचारल्याशिवाय नकोत. पित्ताचं औषध घेत असाल तर ते आधी घ्या आणि दोन तास तरी जाऊ द्या, मग कॅप्सूल. नाहीतर ही अंगाला कमी लागते. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही. समजलं?"

मास्तरांनी पुन्हा मान हलवली. आपण काय हलवतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"दुसरं काही औषध चालू आहे?"

"काही नाही."

"अहो, ते पित्ताचं गुलाबी पातळ औषध?" बायको म्हणाली. "दिवसाला तीन-चार वेळा तोंडाला लावता की."

"ते काय औषध आहे? ते दुकानात असंच मिळतं."

डॉक्टरने कपाळाला हात लावला नाही, एवढा तिचा मोठेपणा. तिने दोन तासांची गोष्ट पुन्हा सांगितली आणि मूत्रपिंडाची तपासणीही करून घ्यायला सांगितली, कारण ही कॅप्सूल त्याच वाटेने शरीराबाहेर जाते. मास्तरांनी तिसऱ्यांदा मान हलवली आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "कालची पोर मला गाडीबद्दल शिकवते."

पहिल्या रात्री कॅप्सूल घेतली आणि सकाळी पायाला तसाच चटका बसला. दुसऱ्या दिवशीही तसाच. मास्तर संतापले. त्यांच्या हिशेबाने औषध हे विद्यार्थ्यासारखं असतं, सांगितलं की लगेच वळायला हवं. कॅप्सूल उष्ण पडते असा शोध त्यांनी स्वतःच लावला होता, म्हणून ते ती गुलाबी औषधाच्या मोठ्या घोटाबरोबर घेत. दोन तास थांबायचं राहू द्या, दोन मिनिटंही थांबत नसत. वर म्हणायचे, औषधात काही दम नाही.

औषधात दम नसेल तर दुप्पट घ्यावं, हे त्यांना शिकवायला कोणी लागलं नाही. ते रोज सकाळीही एक कॅप्सूल घेऊ लागले. बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून गाडीच्या पुढच्या कप्प्यात, पिवळ्या फडक्याखाली, त्यांनी चार कॅप्सूल दडवून ठेवल्या. शिकवणं बंद करायचा तर प्रश्नच नव्हता. मी कुठे चालवतो, मी तर शेजारी बसतो, असं ते स्वतःला बजावत. म्हणजे ब्रेक दाबायचा असेल तेव्हा गाडी यांची आणि डॉक्टरचं ऐकायचं असेल तेव्हा ती शेजाऱ्याची.

एवढ्यावर भागलं असतं, पण मास्तरांना सर्दी-खोकला झाला आणि मेहुण्याला त्यांची दया आली.

बायकोचा हा भाऊ फरशीच्या दुकानात विक्रेता होता. चाळीस प्रकारच्या फरशा ओळखत असल्यामुळे शरीराबद्दल त्याला वेगळा अभ्यास करावा लागला नव्हता. त्याच्या घरी औषधांचा एक मोठा डबा होता आणि तो डबा म्हणजे त्याची समाजसेवा. कोणाला शिंक आली की हा झाकण उघडून हजर. शुक्रवारी संध्याकाळी तो खोकल्याची अर्धी बाटली घेऊन आला.

"भावोजी, दोन झाकणं घ्या. मला गेल्या वर्षी डॉक्टरने दिली होती. असा खोकला गेला की परत फिरकला नाही."

"अरे, त्यांची नसेची कॅप्सूल चालू आहे," बायको म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या होत्या, विचारल्याशिवाय काही नको."

"ताई, कॅप्सूल पायाची. हे घशाचं. दोघांचा संबंध काय?"

हे मास्तरांना इतकं पटलं की त्यांनी उठून चमच्याऐवजी झाकणच घेतलं. पाय खाली, घसा वर. मधे एवढं मोठं पोट. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. तिला वाईट वाटलं आणि रागही आला, पण या घरात तिचं बोलणं रस्त्यावरच्या फलकासारखं होतं. सगळ्यांना दिसे, कोणी वाचत नसे.

शनिवारी सकाळी मास्तरांनी पुन्हा दोन झाकणं घेतली. गुलाबी औषधाची बाटली नेमकी रात्रीच संपली होती, त्यामुळे गाडीत बसल्यावर कॅप्सूल पहिल्यांदाच नुसत्या पाण्याबरोबर गेली. मग त्यांनी पट्टा लावला आणि बेकरीवालीची वाट पाहत बसले.

बेकरीवाली ही त्यांची सगळ्यात निकामी विद्यार्थिनी. निदान मास्तर तरी असं सगळ्यांना सांगत. नवरा गेल्यापासून बेकरी ती एकटी चालवत होती. माल पोचवायला ठेवलेला माणूस सोडून गेला होता, गाडी दारात उभी होती आणि ती चालवता येत नव्हती. दोनदा चाचणीत नापास झाली होती. पहाटे भट्टीपाशी अजिबात न कापणारे तिचे हात मास्तरांच्या शेजारी बसलं की घामाने चाकावरून घसरायचे. "बाई, तुमच्याच्याने हे व्हायचं नाही," असं ते तिला प्रत्येक धड्याला न चुकता सांगत. सोमवारी तिसरी चाचणी होती.

त्या धड्यातलं मास्तरांना पुढे एवढंच आठवलं: पेट्रोल पंपापाशी तिने वळण बरं घेतलं आणि बाहेर ऊन छान पडलं होतं. मग गाडी स्कूलच्या दारात उभी होती आणि ती म्हणत होती, "सर, आलो."

आज धडा लवकर संपला, असं त्यांना वाटलं. जीभ थोडी जड होती, पण पाय... पायाची आग गेली होती. मास्तरांना इतका आनंद झाला की ते बेकरीवालीवर ओरडायचे राहिले. घरी जाऊन त्यांनी बायकोला ऐकवलं, "बघ. डोस वाढवला म्हणून आराम पडला. डॉक्टरला काय कळतंय?"

"वाढवला म्हणजे? कधी?"

मास्तरांनी जीभ चावली आणि झोप येते म्हणून आडवे झाले. रविवारी धडे नसत, म्हणून ते रविवारीही बहुतेक झोपूनच होते. बायकोने दारात उभ्या असलेल्या स्कूलच्या गाडीतलं पिवळं फडकं धुवायला काढलं तेव्हा तिच्या हाताला उरलेल्या दोन कॅप्सूल लागल्या. तिने त्या डबीत ठेवल्या आणि ठरवलं की उद्या दुपारी दवाखाना उघडला की यांना न विचारता फोन करायचा. यांना विचारून इतक्या वर्षांत काय मिळालं होतं?

सोमवारी दुपारी दाराची बेल वाजली. बेकरीवाली उभी होती. हातात खोका, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर असं हसू की मास्तरांनी तिला आधी ओळखलंच नाही.

"सर, पास झाले."

मेहुणा आपली बाटली परत न्यायला आलाच होता. त्याने टाळ्या वाजवल्या. बायकोने तिला बसवलं, पाणी दिलं, खोका उघडला. आत केक होता आणि त्याच्यावर साखरेने काढलेली छोटी गाडी.

"हे सगळं सरांमुळे," बेकरीवाली म्हणाली. "काकू, खरं सांगते, मी सरांना फार घाबरायचे. घरी जाऊन रडायचे. पण शनिवारी सरांनी जे केलं ना, ते मी जन्मात विसरणार नाही."

"काय केलं?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही केलं. एक शब्द बोलले नाहीत."

मास्तर प्रसन्नपणे हसले. आपण काय केलं हे त्यांनाही ऐकायचंच होतं.

"पंपापासून जे गप्प झाले ते गप्पच. आधी मला वाटलं, चिडलेत. मग वाटलं, परीक्षा बघतायत. मी विचारलं, सर, पुलावरून घेऊ का? तर नुसतं हं म्हणाले. मला त्या पुलाची किती भीती. पण सरांना विश्वास वाटतोय म्हटल्यावर घेतली. अख्खा पूल, बाजूने ट्रक चाललेत, आणि सर शांत."

बायकोच्या हातातली सुरी केकच्या वर थांबली.

"पुलाच्या पलीकडे आईचं घर आहे. मी म्हटलं, सर, आईला एक चक्कर मारून आणू का? तर पुन्हा हं. मग आईला मागच्या सीटवर बसवलं आणि बेकरीपाशी आणून सोडलं. वाटेत बाजारात एक सायकलवाला एकदम आडवा आला. मी ब्रेक दाबला, सर. मीच दाबला. तुमचा पाय हललासुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की तुम्हाला माहीत होतं, मी दाबणार म्हणून."

"याला म्हणतात शिक्षक," मेहुणा गहिवरून म्हणाला.

मास्तर मनातल्या मनात रस्ता शोधू लागले. पूल? कुठला पूल? मागच्या सीटवर कोण? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, तर पंप होता, ऊन होतं आणि पुढे स्कूलचं दार होतं. मधला अख्खा रस्ता त्यांच्या डोक्यात नव्हता. त्यावर एक पूल होता, ट्रक होते, एक सायकलवाला होता आणि एक म्हातारी बाई होती, आणि या सगळ्यांच्या जिवाची जबाबदारी ज्या पायावर होती तो पाय झोपला होता.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. तिला कळलं होतं. आजवर ती बोलायची आणि ते ऐकत नसत. आता तिने बोलायची पाळी त्यांच्यावर सोडली होती.

गप्प राहणं किती सोपं होतं! केक समोर होता. बाई पास झाली होती. मेहुणा ही गोष्ट फरशीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार होता. उद्या सकाळी पहिल्या धड्याला एक कॉलेजचा मुलगा यायचा होता आणि त्यालाही कदाचित असाच विश्वास मिळाला असता. सायकलवाला मात्र दर वेळी वाचलाच असता असं नाही.

"बाई," ते म्हणाले, "मी परीक्षा बघत नव्हतो. मी झोपलो होतो."

ती हसली. सर गंमत करतायत असं तिला वाटलं. सरांनी आजवर कधी गंमत केली नव्हती, हे आठवल्यावर तिचं हसू गेलं.

"मी नसेच्या दुखण्याची कॅप्सूल घेतो. एक सांगितली होती, दोन घेत होतो. वर खोकल्याचं औषध घेतलं. डॉक्टर नको म्हणाल्या होत्या. शिकवायलाही नको म्हणाल्या होत्या. मला पूल आठवत नाही. तुमची आई आठवत नाही. मी हं म्हटलं असेन, पण ते मी म्हटलेलं नाही."

मेहुण्याने खोकल्याची बाटली उचलून हळूच पिशवीत टाकली. ज्याचा कशाशी संबंध नव्हता ते औषध एकदम त्याच्या खाजगी मालकीचं झालं.

"ती बाटली इकडे दे," बायको म्हणाली. इतक्या शांतपणे की त्याने दिली.

बेकरीवाली उठली. "सर, माझी आई होती गाडीत," ती म्हणाली. मग एवढं पुरेसं नाही असं वाटून पुन्हा म्हणाली, "माझी आई होती." तिने केकच्या खोक्याचं झाकण लावलं, दोन्ही कडा नीट आत खोचल्या आणि खोका काखेत मारून दाराकडे गेली. कोणीही तिला थांबवलं नाही. मास्तरांना तर तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

बायकोने डॉक्टरला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं, कॅप्सूल किती घेतल्या ते आणि गुलाबी औषध शुक्रवारी रात्रीच संपल्याचंही सांगितलं. डॉक्टरने आधी विचारलं की श्वास नीट चालू आहे ना, हाक मारली तर लगेच ओ देतात ना, कारण तसं नसेल तर दवाखान्यात न येता थेट इस्पितळ गाठायचं. ओ देतात म्हटल्यावर ती म्हणाली की ही दोन औषधं एकत्र आली की नुसती झोप लागून भागत नाही, श्वासही मंदावू शकतो. पित्ताच्या औषधामुळे इतके दिवस कॅप्सूल थोडी कमी लागत होती, शनिवारी तेही आड आलं नाही.

"मग मी ती बंदच करतो," मास्तर फोनकडे वाकून म्हणाले. "आत्ता कचऱ्यात टाकतो."

"अजिबात नाही, काका. एकदम बंद केली तर वेगळाच त्रास होईल. सोडायची असली तरी टप्प्याटप्प्याने. खोकल्याचं औषध बंद, मनाने घेतलेली सकाळची कॅप्सूलही बंद. बाकीचं तुम्हाला तपासून ठरवते. आत्ता लगेच या. घरात जे जे तोंडात घालता ते सगळं पिशवीत घालून आणा. आणि गाडी तुम्ही चालवायची नाही."

एकदम ब्रेक मारू नका, मागचा येऊन आदळेल, हे वाक्य मास्तरांनी उभ्या जन्मात किती लोकांच्या कानात ओतलं असेल. त्यांनी मान हलवली. मग थांबून म्हणाले, "समजलं, डॉक्टर."

पिशवी भरली. प्रश्न उरला जायचं कसं. मेहुण्याला गाडी येत नव्हती, तो फक्त सल्ले द्यायचा. बायकोला नवऱ्याने एकदा शिकवली होती आणि ती पहिल्याच चौकात उतरून चालत घरी आली होती.

दार उघडंच होतं. बेकरीवाली जिन्यात उभी होती, खोका काखेत तसाच. तिने सगळं ऐकलं असावं.

"चला," ती म्हणाली. "गाडी खाली आहे. पुढे काकू बसतील. सर, तुम्ही मागे."

बेकरीच्या गाडीला ताज्या पावाचा वास येत होता. मागच्या सीटवर एक म्हातारी बाई आधीच बसली होती. लेकीच्या गाडीतून हिंडायचं म्हणून चांगलं नेसून आली होती. तिने पिशवी मांडीवर घेऊन मास्तरांना जागा करून दिली आणि जुनी ओळख असल्यासारखी हसली. मास्तर तिला त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

गाडी निघाली. पहिल्या वळणाला मास्तरांच्या उजव्या पायाने सवयीने जमीन दाबली. तिथे नुसती रबराची चटई होती. बेकरीवालीने वळण घेतलं, वेग कमी केला, रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी थांबली आणि पुन्हा निघाली. तिने आरशात एकदाही मागे पाहिलं नाही. पूल आला.

"हाच तो पूल," म्हातारी हळूच म्हणाली. "येताना तुम्ही घोरत होतात."

मास्तरांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मागे बसलं की सगळं दिसतं. तिला सांगितलं असतं तर पुलावरच हातपाय गाळले असते तिने. म्हणून दाराचा दांडा धरून बसले, आणि काय छान चालवतेस, काय छान चालवतेस, म्हणत राहिले." तिने आपला तळहात उघडून दाखवला, जणू दांड्याचा वळ अजून तिथे असावा. "त्या दिवशी तिच्यावर लक्ष ठेवायला मी एकटीच होते, सर. आज तुम्हीही राहा."

बाजूने एक ट्रक गेला आणि गाडी थोडी हलली. मास्तरांनी आपल्या बाजूचा दांडा धरला, समोरच्या रस्त्यावर डोळे लावले आणि दवाखाना येईपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.